चालू क्लस्टरमधली मरायला टेकलेली डिस्क काम न थांबवता बदलताना

मंगळवारी सकाळी साडेनऊला पॅटर्न शॉपमधून फोन आला. “साहेब, ड्रॉइंग उघडायलंय, पन तोवर चहा पिऊन यावं लागतंय.” बंद काहीच नव्हतं. ईआरपी चालू, कॅमेरे चालू, कास्टिंगच्या एक्सरेच्या फाइली उघडत होत्या. पण सगळं जडावलेलं. एखाद्या डिस्कनं सरळ जीव सोडला असता तर एवढा त्रास झाला नसता. मेलेली डिस्क क्लस्टर (एकत्र जोडलेले सर्व्हर) बाजूला टाकतो आणि पुढं जातो. अर्धमेली डिस्क मात्र सगळ्यांना आपल्या चालीनं चालायला लावते.

आमची फाउंड्री गोकुळ शिरगाव एमआयडीसीत. सर्व्हर रूममध्ये तीन सर्व्हर, प्रत्येकात ४ टीबीच्या चार डिस्का, म्हणजे एकूण बारा. त्यांच्यावर सेफ (Ceph) चालतं, म्हणजे सगळ्या सर्व्हरच्या डिस्का एकत्र बांधून डेटाच्या अनेक प्रती ठेवणारं सॉफ्टवेअर. सेफची मूळ मांडणी सेज वाईल यांनी कॅलिफोर्नियात सांताक्रूझच्या विद्यापीठात पीएचडी करताना केली. २००६ सालच्या त्यांच्या शोधनिबंधातच गृहीत धरलंय की एवढ्या डिस्का एकत्र आल्या की त्यातली कुठली ना कुठली मरणारच. त्यामुळं डिस्क मेली म्हणून काम थांबायचं कारण नाही. काम थांबतं ते बदलताना आपला हात चुकला तर. माझा एकदा चुकलाय, ते पुढं सांगतो.

एक सूचना आधीच देतो. कमांड मी फोनवर सांगतो तशा उच्चारानुसार लिहिल्यात. टाइप करताना अर्थातच इंग्रजी लहान अक्षरांत करायच्या, मी ‘मोठा’ म्हणेन ते अक्षर सोडून. उदाहरणात बिघडलेली डिस्क ओएसडी ७ आहे (एकेक डिस्क सांभाळणाऱ्या सेफच्या प्रोसेसला ओएसडी म्हणतात), दुसऱ्या नोडवरची, म्हणजे सर्व्हरवरची, शेवटची. क्रमांक शून्यापासून सुरू होतात, म्हणून पहिल्या नोडवर ० ते ३, दुसऱ्यावर ४ ते ७, तिसऱ्यावर ८ ते ११.

आधी खात्री: दुखणं डिस्कचंच का?

‘सेफ हेल्थ डिटेल’ द्या. ‘स्लो ऑप्स’ची तक्रार दिसली आणि तिच्यात एकाच ओएसडीचा क्रमांक पुन्हा पुन्हा येत असला, तर निम्मा तपास तिथंच झाला. मग ‘सेफ ओएसडी पर्फ’. त्यात प्रत्येक ओएसडीला लिहायला किती मिलिसेकंद लागतायत ते दिसतं. त्या दिवशी आमच्या अकरा डिस्का वीस-तीसच्या आत होत्या आणि सात नंबर नऊशेच्या घरात. सेफमध्ये लिहिलेली गोष्ट सगळ्या प्रतींवर पोचल्याशिवाय ‘झालं’ असं उत्तर मिळत नाही. म्हणून बारातली एक रेंगाळली की ड्रॉइंग उघडणाऱ्याला चहा प्यावा लागतो.

आता त्या नोडवर जाऊन ‘स्मार्टसीटीएल’ला (डिस्कनं स्वतः ठेवलेल्या तब्येतीच्या ‘स्मार्ट’ नोंदी दाखवणारी कमांड) डॅश मोठा ए आणि डिस्कचं नाव द्या. येणाऱ्या लांबलचक तक्त्यात मी पाचच ओळी बघतो: ५, १८७, १८८, १९७ आणि १९८. पाचवी म्हणजे खराब निघाल्यामुळं राखीव जागेत हलवलेले सेक्टर. १९७ म्हणजे वाचता न आल्यामुळं निकालाची वाट बघत असलेले. १९७ चा आकडा सोमवारी ८ होता, मंगळवारी सकाळी २४ आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत ११२. आकडा केवढा आहे त्यापेक्षा तो वाढतोय का, हे बघायचं. कित्येक वर्षं ८ वर थांबलेली डिस्क मी निवांत चालवलीय. दुपटीनं वाढणाऱ्या डिस्कवर मात्र एक दिवसही भरवसा ठेवत नाही. सॅस जोडणीची डिस्क असेल तर हा तक्ता दिसत नाही. तिथं ‘ग्रोन डिफेक्ट लिस्ट’चा आकडा बघायचा.

१९९ नंबरची ओळ वेगळी समजायची. ती सीआरसी चुकांची, म्हणजे डिस्क आणि कंट्रोलर यांच्यातल्या वाटेवरच्या चुकांची. फक्त तीच वाढत असेल तर केबल किंवा बॅकप्लेन तपासा, डिस्क काढून नीट बसवा. हे कळायच्या आधी मी एक धडधाकट डिस्क बदललेली आहे. नवी बसवली आणि दुसऱ्या दिवशी तिचाही १९९ चढायला लागला.

‘डीमेसेज’मध्ये, म्हणजे लिनक्स कर्नलच्या नोंदींत, ‘मीडियम एरर’ दिसणं, किंवा सेफकडून ‘टू मेनी रिपेअर्स’चा इशारा येणं, हेही डिस्ककडंच बोट दाखवणारे पुरावे. वाचताना चूक आली की सेफ ती वस्तू (साठवलेल्या डेटाचा एक तुकडा) दुसऱ्या प्रतीवरून परस्पर दुरुस्त करतं. अशा दुरुस्त्या दहाच्या वर गेल्या की ते बोंब मारतं. अशा वेळी ‘पीजी रिपेअर’ देत बसू नका (पीजी म्हणजे सेफनं बांधलेला वस्तूंचा गठ्ठा). फुटक्या घागरीत पाणी भरण्यातला प्रकार आहे तो.

डिस्कच दोषी ठरली तरी लगेच हात घालायचा नाही. उरलेल्या अकरा डिस्कांचा स्मार्ट तक्ताही त्याच बैठकीत बघून घ्या. एकाच वेळी, एकाच खोक्यातून आलेल्या डिस्का पुढंमागं सोबतच जातात. वेगळ्या नोडवरही एखादी खोकायला लागली असेल तर पुढचा सगळा बेत बदलतो. आणि ‘सेफ डॅश एस’मध्ये सगळे पीजी ‘अॅक्टिव्ह प्लस क्लीन’ नसतील, तर आधी ते दुखणं निस्तरा. एका वेळी एकच आजारी माणूस घरात ठेवायचा.

गिऱ्हाइकांची ओरड फारच असेल तर तात्पुरता उतारा आहे: ‘सेफ ओएसडी प्रायमरी-अॅफिनिटी ७ ०’. त्यानं वाचनाचं काम शक्य तिथं दुसऱ्या प्रतींकडं जातं. लिहिणं मात्र तरीही त्या डिस्कवर होतच राहतं. म्हणून फरक पडतो, पण पूर्ण नाही. आम्ही ते केलं आणि ड्रॉइंगवाल्यांचा चहा अर्ध्या कपावर आला.

जागेचा हिशोब

हा हिशोब बरेच जण करत नाहीत आणि मग मध्यरात्री घाम फुटतो.

आमच्या पूलचा (डेटा ठेवायच्या हौदाचा) साइज ३ आणि मिन साइज २ आहे. प्रत्येक वस्तूच्या तीन प्रती, तीन वेगवेगळ्या नोडवर. त्यातल्या दोन जिवंत असेपर्यंत काम चालू, एकच उरली की सेफ त्या वस्तूपुरतं लिहिणं-वाचणं थांबवतं. आता नोडच तीन आहेत. म्हणजे प्रत्येक नोडवर सगळ्या मालाची, म्हणजे डेटाची, एक प्रत आलीच. दुसऱ्या नोडवरची एक डिस्क बाहेर काढली तर तिच्यातला माल पहिल्या किंवा तिसऱ्या नोडवर जाऊ शकत नाही, तिथं त्याची प्रत आधीच आहे. तो सगळा त्याच नोडवरच्या उरलेल्या तीन डिस्कांवर चढणार.

म्हणजे चार डिस्कांचा बोजा तिघींवर. आमच्या डिस्का ५८ टक्के भरलेल्या होत्या. ५८ ला ४ नं गुणून ३ नं भागलं की ७७ टक्के येतात. चालतंय. पण ६५ टक्के भरलेल्या असत्या तर ८७ आले असते आणि ७० टक्क्यांना ९३.

हे आकडे का महत्त्वाचे, ते कोल्हापूरकराला समजावणं सोपं आहे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. सेफमध्येही अशाच पातळ्या आहेत. ८५ टक्क्यांना ‘निअरफुल’, हा इशारा. ९० ला ‘बॅकफिलफुल’, त्या डिस्कवर नवा माल हलवणं बंद. ९५ ला ‘फुल’, म्हणजे पाणी गावात शिरलं, सगळं लिहिणं बंद. सुरुवातीला डिस्का ६३ टक्क्यांच्या आत असतील तर तीन नोड, चार-चार डिस्का या मांडणीत रिकामी करायची वाट बिनधोक धरा. तरीही ‘सेफ ओएसडी डीएफ’ देऊन एकेका डिस्कचा आकडा बघाच, कारण सरासरी ५८ असताना एखादी ६६ वर बसलेली असते. नोड चार किंवा जास्त असतील तर माल इतर नोडवरही पांगतो आणि हिशोब सैल होतो.

दोन वाटा

पहिली वाट: डिस्क अजून चालतेय तोवर तिच्यातला माल दुसरीकडं हलवायचा, ती रिकामी झाली की काढायची. माल दोनदा हलतो, एकदा बाहेर आणि एकदा परत. वेळ जास्त लागतो. पण पूर्ण काळ तीन प्रती शाबूत राहतात, कारण नवी प्रत तयार होईपर्यंत सेफ जुनी सोडत नाही.

दुसरी वाट: ‘नोआउट’ (सेफनं डिस्क आपोआप बाहेर काढू नये म्हणून) लावायचं, ओएसडी थांबवायची, डिस्क बदलायची आणि नवीवर उरलेल्या दोन प्रतींवरून माल भरून घ्यायचा. माल एकदाच हलतो. पण नवी डिस्क भरेपर्यंत, म्हणजे आमच्या हिशोबानं दहा-अकरा तास, बराच माल दोनच प्रतींवर उभा असतो. तेवढ्यात वेगळ्या नोडवरची एखादी डिस्क गेली की दोन्हीत सामाईक असलेल्या मालाचं काम ठप्प.

मी डिस्क वाचता येत असेपर्यंत पहिलीच वाट धरतो. दुसरी वाट दोनच वेळा: डिस्क आधीच मेलेली आहे आणि नवी हातात आहे, किंवा जागा पुरत नाही. ‘माल दोनदा हलवण्यानं इतर डिस्कांवर ताण येतो’ असं म्हणणारे जाणकार आहेत आणि त्यांचं अगदी खोटं नाही. पण मला ताण परवडतो, तिसरी प्रत नसणं परवडत नाही.

डिस्क आपोआप मेली आणि तुम्ही काहीच केलं नाही, तर सेफ दहा मिनिटं थांबतं आणि मग तिला स्वतःच ‘आउट’ करून माल उरलेल्या डिस्कांवर तयार करायला घेतं. ही दहा मिनिटं म्हणजे ६०० सेकंदांची मूळ सेटिंग आहे. ‘नोआउट’ ती थांबवतं. फक्त एका ओएसडीपुरतं लावायचं असेल तर ‘सेफ ओएसडी सेट-ग्रुप नोआउट ओएसडी डॉट ७’. सगळ्या क्लस्टरला ‘नोआउट’ लावून नंतर काढायला विसरणं हा आमच्या धंद्यातला सर्वात जुना आजार आहे. महिन्यांनी खरोखरच डिस्क मरते आणि क्लस्टर हाताची घडी घालून बसतो.

रिकामी करणं

संध्याकाळी सहाला, जनरल शिफ्ट सुटल्यावर: ‘सेफ ओएसडी आउट ७’.

लक्षात घ्या, ‘आउट’ म्हणजे बंद नव्हे. प्रोसेस चालूच राहते, फक्त तिच्याकडं माल ठेवायचा नाही असं ठरतं. ‘सेफ डॅश एस’मध्ये आता ‘मिसप्लेस्ड’चा टक्का दिसेल आणि तो हळूहळू उतरेल. मिसप्लेस्ड आणि डिग्रेडेड यांत गल्लत नको. मिसप्लेस्ड म्हणजे गुळाचे रवे मोजून पुरे आहेत, फक्त चुकीच्या वखारीत आहेत. डिग्रेडेड म्हणजे रवाच कमी आहे. या वाटेवर डिग्रेडेडचा आकडा शून्य किंवा अगदी नगण्य राहायला हवा. तो फुगायला लागला तर डिस्क वाचता येईनाशी झालीय असं समजा. मग दुसरी वाट धरा, म्हणजे प्रोसेस थांबवा. सेफ उरलेल्या दोन प्रतींवरून काम करतं.

छोट्या क्लस्टरमध्ये कधी कधी काही पीजी ‘अॅक्टिव्ह प्लस रीमॅप्ड’ म्हणून अडकून बसतात, पुढं सरकत नाहीत. अशा वेळी ‘सेफ ओएसडी इन ७’ देऊन मागं या आणि ‘सेफ ओएसडी क्रश रीवेट ओएसडी डॉट ७ ०’ द्या. क्रश म्हणजे कुठला माल कुठल्या डिस्कवर जायचा ते ठरवणारा नकाशा, त्यातलं तिचं वजन शून्य होतं. परिणाम तोच, रस्ता वेगळा. फक्त हे केलंत तर नवी डिस्क बसवल्यावर वजन हातानं परत द्यावं लागतं. ४ टीबीच्या डिस्कला ३.६४ च्या आसपास. मूळ आकडा ‘सेफ ओएसडी ट्री’मधून आधीच वहीत उतरवून ठेवा.

वेगाचं काय? २०२२ मध्ये आलेल्या क्विन्सी आवृत्तीपासून ‘एमक्लॉक’ नावाची व्यवस्था वेग ठरवते. जुन्या लेखांत ‘मॅक्स बॅकफिल्स’ वाढवा म्हणून सांगितलेलं असतं. आता ते नुसतं बदलून काही होत नाही, एमक्लॉक त्याला जुमानत नाही. त्याऐवजी ‘ओएसडी एमक्लॉक प्रोफाइल’ बदलायचं: दिवसा ‘हाय क्लायंट ऑप्स’, रात्री ‘हाय रिकव्हरी ऑप्स’. आम्ही रात्रपाळीला मेल्टिंग आणि मोल्डिंगच चालवतो, ड्रॉइंगवर कुणी नसतं, म्हणून रात्रभर दुसरं ठेवलं. बुधवारी सकाळी साडेसातला बघितलं तर थोडंच उरलं होतं. सकाळी आठला प्रोफाइल मागं घेतलं. अकराच्या सुमाराला सगळं हिरवं.

आता सर्वात महत्त्वाची कमांड: ‘सेफ ओएसडी सेफ-टू-डिस्ट्रॉय ७’. ती ‘सेफ आहे’ (इथला सेफ म्हणजे इंग्रजीतला ‘सुरक्षित’) म्हणाली तरच पुढं. दुसऱ्या वाटेनं जाणाऱ्यांनी प्रोसेस थांबवायच्या आधी ‘सेफ ओएसडी ओके-टू-स्टॉप ७’ विचारायचं. दोन्ही कमांड फक्त विचारतात, काही मोडत नाहीत, म्हणून दहा वेळा दिल्या तरी हरकत नाही.

मग प्रोसेस थांबवा: ‘सिस्टिमसीटीएल स्टॉप सेफ-ओएसडी अॅट ७’. त्यानंतर ‘सेफ ओएसडी डिस्ट्रॉय ७’, आणि तिच्यामागं दोन डॅश देऊन ‘येस-आय-रिअली-मीन-इट’. होय, मला खरंच हेच करायचंय, असं अक्षरशः लिहून द्यावं लागतं. ‘पर्ज’ वापरू नका. ‘डिस्ट्रॉय’ क्रमांक ७ आणि त्याची नकाशातली जागा राखून ठेवतं. ‘पर्ज’ सगळंच पुसतं, आणि मग नकाशा बदलल्यामुळं उगाच जास्तीचा माल हलतो. शेवटी ‘सेफ-व्हॉल्युम एलव्हीएम झॅप’ला दोन डॅश ‘डिस्ट्रॉय’ आणि दोन डॅश ‘ओएसडी-आयडी ७’ देऊन जुने खुणेचे थर पुसून टाका. डेटाबेसचा भाग वेगळ्या एसएसडीवर ठेवला असेल तर हे विसरू नका, नाहीतर तिथली जागा अडकून राहते.

सेफएडीएम (सेफ बसवायचं आणि सांभाळायचं साधन) वापरणाऱ्यांना यातलं बरंच ‘सेफ ऑर्क ओएसडी आरएम ७’ला दोन डॅश ‘रिप्लेस’ जोडून एका दमात मिळतं, आणि ‘सेफ ऑर्क ओएसडी आरएम स्टेटस’नं प्रगती कळते. त्यात एक सापळा आहे. ‘ऑल-अव्हेलेबल-डिव्हायसेस’ चालू असेल आणि तुम्ही जुनी डिस्क काढायच्या आधीच झॅप केली, तर त्यातल्या ऑर्केस्ट्रेटरला वाटतं छान कोरी डिस्क मिळाली, आणि तो त्याच मरतुकड्या डिस्कवर नवी ओएसडी उभी करतो. म्हणून आधी ती सेवा ‘अनमॅनेज्ड’ करा. प्रॉक्समॉक्स (व्हर्च्युअल सर्व्हर चालवायची प्रणाली) वापरून सेफ चालवणाऱ्यांना आउट, स्टॉप, डिस्ट्रॉय ही बटणं पडद्यावरच आहेत. तिथं क्रमांक राखला जात नाही, पण नवी ओएसडी करताना सर्वात लहान मोकळा क्रमांक घेतला जातो, म्हणून बहुतेक वेळा ७ परत ७ च होतो.

नेमकी कुठली?

माझी चूक इथली. पहिल्यांदा डिस्क बदलली तेव्हा ओएसडीची यादी बघितली, ‘चौथी’ म्हणून मनात ठेवलं, खाली गेलो आणि डावीकडून चौथी ओढली. त्या सर्व्हरच्या खणांना नंबर होते ० ते ३, पण उजवीकडून. रॅकमध्ये वाकल्यावर ते दिसतच नव्हते. मी ओढली ती चांगली चालू डिस्क.

काय झालं? काही नाही. एक-दोन सेकंद आयओ, म्हणजे वाचणं-लिहिणं, अडखळला आणि पुढं चालू. कारण दोन्ही डिस्का एकाच नोडवर होत्या, आणि एकाच नोडवर कुठल्याही वस्तूच्या दोन प्रती नसतात. चुकायचंच असेल तर त्याच नोडवर चुकावं. तीच चूक शेजारच्या नोडवर केली असती, तर दोन्हीत सामाईक असलेला माल एका प्रतीवर आला असता, मिन साइज २ आड आली असती आणि ईआरपी जागच्या जागी गोठलं असतं. म्हणून मी रॅकपुढं उभा राहिल्यावर आधी नोडच्या नावाची चिठ्ठी मोठ्यानं वाचतो. सोबतची पोरं हसतात. हसू देत.

पद्धत अशी. ‘सेफ-व्हॉल्युम एलव्हीएम लिस्ट’ सांगतं की ओएसडी ७ कुठल्या डिस्कवर आहे, समजा एसडीडी. पण हे नाव तात्पुरतं, रीबूटनंतर बदलू शकतं. खरं ओळखपत्र सीरियल नंबर. ‘स्मार्टसीटीएल’ला डॅश छोटा आय दिला की तो मिळतो. तो कागदावर लिहा, निदान शेवटची चार अक्षरं. हे झॅपच्या आधी करायचं, नंतर यादीत सात नंबर सापडत नाही.

मग दिवा. ‘लेडसीटीएल लोकेट’ला डिस्कचं नाव दिलं की बऱ्याच सर्व्हरवर त्या खणाचा दिवा लुकलुकतो. सोय नसेल तर ‘डीडी’नं त्या डिस्कवरून नुसतं वाचत राहायचं, म्हणजे कामाचा हिरवा दिवा सतत पेटतो. डीडीत ‘आयएफ’ म्हणजे कुठून आणि ‘ओएफ’ म्हणजे कुठं. यांची अदलाबदल झाली तर तो दिवा तुमच्या आयुष्यात बरेच दिवस पेटत राहील. डिस्क वाचतच नसेल तर उलट करा: बाकीच्या तिन्हींवर वाचन लावा, न पेटणारी ती आपली.

यंदा आमच्याकडं नुकताच लागलेला पोरगा खाली उभा होता आणि मी वर टर्मिनलवर. फोनवर त्यानं विचारलं, “सर, पेटलेली काढायची का न पेटलेली?” योग्य प्रश्न होता. हा प्रश्न ज्याला पडत नाही त्याला सर्व्हर रूमची किल्ली देऊ नये. मी त्याला म्हटलं, “काहीच काढू नकोस. दिवा बंद करतो, मग सांग.” दिवा बंद केला, “गेला” म्हणाला. पुन्हा लावला, “आला.” असं तीनदा झालं तेव्हा दोघांचीही खात्री पटली.

काढायच्या आधी कर्नललाही कळवा. ‘सिस’ फोल्डरात ‘ब्लॉक’, त्यात ‘एसडीडी’, त्यात ‘डिव्हाइस’, त्यातल्या ‘डिलीट’ फाइलीत १ लिहिला की डिस्क सिस्टिमपासून सुटते. मग सर्व्हरच्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवा, खटका दाबा, डिस्क बोटभर बाहेर ओढा आणि थांबा. आतल्या तबकड्या अजून फिरत असतात. अर्धा मिनिट जाऊ द्या, हाताला थरथर जाणवायची थांबली की पूर्ण काढा. बाहेर आल्यावर लेबलवरचा सीरियल कागदाशी जुळवा. जुळला नाही तर तीच डिस्क लगेच परत त्याच खणात. तोवर बाकी काहीही करायचं नाही.

नवी डिस्क

नवी डिस्क मागवायची वेळ ही नव्हे, ती कपाटात असायला हवी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैत शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलं, रस्ता बंद झाला. पुण्याहून निघालेलं कुरिअर अशा वेळी कुठं थांबेल सांगता येत नाही. बारा डिस्कांमागं मी दोन ठेवतो. आणि कपाटातली डिस्क कोरी नको, तपासलेली हवी: आल्या आल्या ‘स्मार्टसीटीएल’ची लाँग टेस्ट लावून, जिला ४ टीबीला सात-आठ तास लागतात.

घेताना दोन गोष्टी बघा. एसएमआर तंत्राची डिस्क घेऊ नका. तिच्यात माग एकमेकांवर कौलांसारखे चढवलेले असतात, सलग लिहिणं चालतं, पण सेफसारखं विखुरलेलं लिहिणं सुरू झालं की ती बसकण मारते. सीएमआर असं स्पष्ट लिहिलेलीच घ्या. दुसरं, ४ च्या जागी ८ टीबी बसवायचा मोह. बसते, पण तिला दुप्पट वजन मिळतं, म्हणजे दुप्पट माल आणि दुप्पट काम तिच्याच डोक्यावर. तीन नोडच्या मांडणीत वापरायला मिळणारी जागा सर्वात लहान नोडवर ठरते, म्हणून एका नोडवर एक मोठी डिस्क घालून हाताला काही लागत नाही.

ट्रेमध्ये चारही स्क्रू लावा. दोनच लावलेली डिस्क थरथरते आणि आमच्यासारख्या शेकआउटच्या (साचे हलवून कास्टिंग सुटं करायच्या मशीनच्या) शेजारी ते परवडत नाही. खणात बसवा, वीसेक सेकंद द्या, ‘एलएसबीएलके’मध्ये ती दिसायला हवी. दिसली नाही तर ‘स्कॅझी होस्ट’च्या ‘स्कॅन’ फाइलीत तीन डॅश, मध्ये मोकळी जागा सोडून, लिहायचे. तरीही नाही तर बहुधा तुमचं कंट्रोलर रेड मोडमध्ये (डिस्का सुट्या न दाखवता स्वतःच एकत्र बांधणारी पद्धत) आहे आणि त्याच्या साधनातून आधी ही डिस्क मोकळी करावी लागेल. ती एसडीडीऐवजी एसडीई म्हणून आली तर घाबरू नका. जुनीचा एखादा धागा कर्नलमध्ये अडकून राहिलेला असतो.

मग: ‘सेफ-व्हॉल्युम एलव्हीएम क्रिएट’, दोन डॅश ‘ओएसडी-आयडी ७’, दोन डॅश ‘डेटा’ आणि नव्या डिस्कचा मार्ग. एंटर दाबायच्या आधी त्या मार्गाचा सीरियल पुन्हा एकदा जुळवा. मिनिटभरात ‘सेफ ओएसडी ट्री’मध्ये ७ ‘अप’ दिसेल. ‘इन’ झाली नसेल तर ‘सेफ ओएसडी इन ७’. क्रश वजन शून्य केलं असेल तर ते आता परत द्या, आणि प्रायमरी-अॅफिनिटी १ करा. मी ती परत करायला एकदा विसरलो होतो आणि आठवडाभर नवी डिस्क आरामात बसून होती.

परत भरणं

आता वाट बघणं. दिवसा क्लायंट, रात्री रिकव्हरी, तेच प्रोफाइल. माल परत येईल तसा नोडच्या इतर तिघींवरचा आकडा ७७ वरून ५८ कडं उतरतो. पहिले दोन तास मी ‘ओएसडी पर्फ’ आणि ‘डीमेसेज’ दोन्ही उघडे ठेवतो, कारण नवी डिस्क बिघडायची असेल तर पहिल्या जोरदार लिखाणातच बिघडते. सगळे पीजी क्लीन झाले की ‘नोआउट’ लावलं असेल तर काढा, एमक्लॉक मूळ जागी आणा, ‘सेफ क्रॅश आर्काइव्ह-ऑल’ देऊन जुन्या कोसळण्याच्या नोंदी मिटवा, तेव्हा कुठं ‘हेल्थ ओके’ दिसतं. आमचं गुरुवारी सकाळी दिसलं. त्या दोन दिवसांत कुणाला काही बदलल्याचं कळलंही नाही. फक्त पॅटर्न शॉपवाल्यानं विचारलं, “आता पटपट उघडायलंय, काय केलासा?”

अजून एक. हे काम साप्ताहिक सुट्टीला काढू नका. ‘सुट्टीला निवांत करू’ असं सगळ्यांना वाटतं. पण वीजवाहिन्यांची दुरुस्ती काढायलाही सगळ्यांना सुट्टीचाच दिवस सापडतो, आणि माल हलत असताना युपीएसच्या जिवावर बसायची माझी तयारी नाही. कामाच्या दिवशी, बुधवारी भर दुपारी, सगळे हजर असताना डिस्क बदलायची. काम थांबत नाही हे पटलेलं असेल तर भीती कसली?

जुन्या डिस्कवर गिऱ्हाइकांची ड्रॉइंगं असतात. डेटा एन्क्रिप्ट करून ठेवलेला असेल तर ‘डिस्ट्रॉय’नं किल्लीच जाते आणि डिस्क निर्धास्तपणे वॉरंटीत परत देता येते. आमचा तसा नाही, म्हणून वॉरंटीवर पाणी सोडून डिस्क फोडतो. नवा पोरगा म्हणाला, भट्टीत टाकू की! मेल्टिंगवाल्यांनी त्याला हाकललं. डिस्कचं आवरण अॅल्युमिनियमचं, ते लोखंडाच्या रसात गेलं की कास्टिंगला बारीक भोकं पडतात. शेवटी ड्रिल मशीनवर तबकड्यांना आरपार चार भोकं पाडली. आतलं चुंबक मात्र त्यानं काढून घेतलं. खणांचे नंबर, ओएसडीचे नंबर आणि सीरियल यांचा कागद आता त्याच चुंबकानं सर्व्हर रूमच्या लोखंडी दारावर लावलाय, सात नंबरपुढं नवा सीरियल पेनानं लिहून.